‘पालकांनी नोंद घ्यावी’ : शाळेच्या नियमावलीचे एक वाचन

जून उजाडला की महाराष्ट्रातल्या पुष्कळ घरांत एक पातळ पुस्तिका येते. कुठे तिला दैनंदिनी म्हणतात, कुठे डायरी, मुंबईतल्या काही जुन्या इंग्रजी शाळांत कॅलेंडर. पहिल्या पानावर शाळेचे बोधचिन्ह, मग प्रार्थना, राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, सुट्ट्यांची यादी, आणि त्यानंतर तीन-चार पाने ‘विद्यार्थ्यांसाठी नियम’ व ‘पालकांसाठी सूचना’. या तीन-चार पानांवर मी गेली काही वर्षे काम करतो आहे. मराठी गद्याचा हा एक प्रकार आहे. त्याला स्वतःचे व्याकरण आहे, स्वतःचा शब्दसंग्रह आहे, इतिहास आहे. आणि लक्षावधी घरांत तो सही करण्यापुरता का होईना वाचला जातो. तरी गद्य म्हणून त्याची कुणी तपासणी केलेली माझ्या वाचनात आलेली नाही.

माझा अधिकार काय, हे आधी सांगायला हवे. मी शिक्षणशास्त्राचा पदवीधर नाही, मी मुद्रितशोधक. एका जिल्ह्याच्या गावी जॉबवर्क करणाऱ्या छापखान्यात लागलो तेव्हा खिळे जुळवले जात होते, पुढे डीटीपी आले. लग्नपत्रिकांची घाई ओसरता ओसरता एप्रिल-मे महिन्यात दैनंदिन्यांचे काम येई. शाळेचा लिपिक गेल्या वर्षीची प्रत आणून देई, तारखा तेवढ्या बदललेल्या असत. नवी शाळा असेल तर तो गावातल्या नावाजलेल्या शाळेची प्रत आणी आणि तिचे नाव पेनाने खोडून आपल्या शाळेचे नाव लिहून देई. एकदा नियम क्रमांक सहामध्ये जुन्या शाळेचे नाव तसेच राहिले होते. मी खूण करून विचारले, तर लिपिक म्हणाला, ‘‘राहू द्या हो, तिथवर कोण वाचतंय.’’ तिथवर वाचण्याची सवय मला तेव्हापासून लागली. तपासून झालेली एकेक प्रत मी घरी नेऊ लागलो. नंतर नातेवाइकांची मुले, रद्दीवाले, ओळखीचे शिक्षक यांच्याकडून भर पडत गेली. जिल्हा परिषदेच्या शाळांत बहुधा छापील डायरी नसते. तिथले नियम भिंतीवर रंगवलेले असतात किंवा पालकसभेच्या सूचनापत्रात असतात. तेही उतरवून घेतले. शाळांची नावे या लेखात घेणार नाही. हा मजकूर एका शाळेतून दुसरीत असा वाहत आलेला असतो की त्याचा दोष एकीच्या माथी मारणे बरोबर होणार नाही.

व्याकरणापासून सुरुवात करतो.

मराठीत आज्ञा करण्याच्या अनेक तऱ्हा आहेत. मोडी कागदपत्रांत ‘करणे’, ‘देणे’, ‘पाठवणे’ अशी क्रियापदे हुकमासाठी येतात आणि शेवटी ‘जाणिजे’ असते. हुकूम कोणाचा आणि कोणाला, हे वर मायन्यातच ठरलेले असते. शाळेच्या नियमावलीने यातले काही घेतले नाही. तिने विध्यर्थ घेतला : ‘विद्यार्थ्यांनी वेळेवर यावे’, ‘पालकांनी दररोज दैनंदिनी पाहावी’, ‘मौल्यवान वस्तू आणू नयेत’. विध्यर्थ ही तशी सभ्य तऱ्हा. वडीलधारी माणसे ‘जाऊन यावं’, ‘बसावं’ असे बोलतात तेव्हा त्यात अदबही असते. पण पुढची वाक्ये पाहा : ‘उशिरा आल्यास वर्गात घेतले जाणार नाही’, ‘शुल्क थकल्यास निकालपत्र दिले जाणार नाही’, ‘योग्य ती कारवाई करण्यात येईल’, ‘मुख्याध्यापकांचा निर्णय अंतिम राहील’. इथे कर्ता नाहीसा होतो. वर्गात कोण घेणार नाही? कारवाई कोण करील? योग्य-अयोग्य कोण ठरवील? वाक्य सांगत नाही. पालकाला आणि विद्यार्थ्याला ‘नी’ लावून कर्त्याच्या जागी उभे केले आहे, त्यांनी करायचे आहे; शाळेच्या वाट्याला येते ती फक्त होणारी गोष्ट. पाऊस पडेल तशी कारवाई होईल.

ही सरकारी मराठीची देणगी आहे, असे कोणी म्हणेल. ते अर्धेच खरे आहे. सरकारी परिपत्रक निदान ‘जिल्हाधिकाऱ्यांनी अहवाल सादर करावा’ असे आपल्याच अधिकाऱ्याला बजावते. शाळेच्या नियमावलीत शिक्षकांनी अमुक करावे, संस्थेने तमुक करावे, असे एक वाक्य शोधायला मला माझ्याकडच्या पेटीतल्या बहुतेक सगळ्या प्रती चाळाव्या लागल्या. जी मिळाली ती हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, आणि त्यांतली एक तर ‘शाळा जबाबदार राहणार नाही’ हीच. या एका वाक्यात मात्र शाळा ठळकपणे कर्ती होते.

आता सर्वनामे पाहू. पुस्तिकेत ‘मी’ दोनदा येतो. पहिल्यांदा प्रतिज्ञेत. पायडिमर्री वेंकट सुब्बाराव यांनी १९६२ मध्ये तेलुगूत लिहिलेली ही प्रतिज्ञा देशभर गेली. ती प्रथमपुरुषी आहे, ती मुलाने म्हणायची. दुसऱ्यांदा ‘मी’ येतो तो नियमांच्या शेवटी, ठिपक्यांच्या रेषेच्या वर : नियम वाचले, ते मान्य आहेत, ते माझ्या पाल्याकडून पाळून घेण्याची हमी देतो, अशा अर्थाचे निवेदन. ते पालकाच्या तोंडी आहे. म्हणजे या साऱ्या पुस्तिकेत ‘मी’ म्हणून मूल बोलते आणि पालक बोलतो, आणि दोघांचेही शब्द दुसऱ्याने लिहून दिलेले असतात. ज्या संस्थेने पुस्तिका छापली ती कुठेही ‘मी’ म्हणत नाही, ‘आम्ही’ही म्हणत नाही. अपवाद मुख्याध्यापकांच्या मनोगताचा. तिथे ‘आम्ही’ असतो, पण तो पन्नास वर्षांच्या यशस्वी वाटचालीचा असतो.

आणि ‘पाल्य’ हा शब्द. घरात कोणी म्हणत नाही की माझा पाल्य जेवला नाही. आई म्हणते पोरगा, लेक, बाळ्या, आमची मोठी. हा शब्द जगतो तो फक्त शाळेच्या कागदावर. आणि त्या कागदाशी बोलताना आईबापही तो वापरू लागतात. अर्जात ‘माझे पाल्य आजारी असल्याने’ असे लिहिणारा बाप मी पाहिला आहे; लिंग कोणते घालावे हे न सुचल्याने त्याने नपुंसकलिंग घातले होते. मला ती चूक वाटली नाही. परक्या शब्दाला आपल्या घरचे लिंग द्यायचे कसे, हा प्रश्न त्याने आपल्यापरीने सोडवला होता.

नियमांचा मजकूर एक घर गृहीत धरतो. हे घर कोणते, ते नियमांवरून काढता येते, जसे स्वयंपाकाच्या पुस्तकावरून ओटा काढता येतो. या घरात इस्त्री आहे, कारण गणवेश इस्त्री केलेला हवा. नळाला सकाळी पाणी आहे. अभ्यासाला वेगळी जागा आहे, निदान दूरदर्शन बंद करून गप्प बसणारी माणसे आहेत. संध्याकाळी घरी असणारे आणि लिहिता-वाचता येणारे एक मोठे माणूस आहे, कारण रोज दैनंदिनी पाहून सही करायची आहे. महिन्याच्या ठरलेल्या शनिवारी सकाळी रिकामे असणारे माणूस आहे, कारण पालकसभा आहे. मुलींच्या केसांना तेल, दोन वेण्या, ठरलेल्या रंगाच्या रिबिनी घालणारे हात आहेत. (मुलींसाठीचे नियम माझ्याकडच्या प्रतींत बहुधा मुलांच्या दुप्पट जागा घेतात. मेंदी, बांगड्या, नखे, पैंजण, फ्रॉकची लांबी. मुलग्यांना केस बारीक ठेवले आणि शर्ट खोचला की सुटका.)

अशी घरे असतात. पण ज्या घरात यातले काही नाही तिथे ही पुस्तिका काय करते, ते पाहण्यासारखे आहे. सहीचा नियम घ्या. आई वीटभट्टीवर किंवा चार घरची धुणीभांडी करायला गेलेली, बाप निरक्षर. नियम म्हणतो, पालकांची सही नसल्यास वर्गाबाहेर उभे केले जाईल. मग मूल स्वतःच आईचे नाव लिहायला शिकते. शाळेत पहिल्यांदा दुसऱ्याच्या नावाने लिहिण्याचा प्रसंग मुलावर इथे येतो, आणि तो शाळेच्या नियमानेच आणलेला असतो. अंगठा चालेल, असे छापलेली एकही दैनंदिनी मला मिळालेली नाही. बँकेत अंगठा चालतो, सहदुय्यम निबंधकाकडे चालतो. शाळेच्या डायरीत मात्र रेषेखाली ‘सही’ एवढाच शब्द.

गणवेशाचा नियम तर अलीकडे सरकारने स्वतःच तपासून पाहिला. २०२४-२५ या वर्षी ‘एक राज्य एक गणवेश’ अशी योजना आली. कापड एकत्र घेऊन शिवून शाळांना पुरवायचे ठरले. शाळा सुरू झाल्या आणि कित्येक ठिकाणी गणवेश पोचलेच नाहीत, काही ठिकाणी आले ते मापाचे नव्हते. पुढे हे काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे सोपवावे लागले. गणवेश नसेल तर परिपाठाला वेगळ्या रांगेत उभे राहायचे, हा नियम ज्या भिंतींवर होता तिथे त्या वर्षी वेगळ्या रांगेत कोणी उभे राहायला हवे होते?

हे सगळे नेहमीच असे होते का? मला वाटत होते, होते. जुन्या काळी शाळा कडक, पालक नम्र, छडी खरी. पण नियमावलीच्या मागे जाऊन कायद्यांकडे आणि निवेदनांकडे पाहिले की चित्र वेगळे दिसते.

१८८२ मध्ये हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात जोतीराव फुले शाळेत न येणाऱ्या मुलांबद्दल लिहितात तेव्हा ते कारण सांगतात : गरिबी, आणि गुरे राखायला, शेत पाहायला मुलांची घरी लागणारी गरज. प्राथमिक शिक्षण निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत सक्तीचे करा, अशी मागणी ते करतात; पण तिच्यासोबत शिष्यवृत्त्या आणि बक्षिसे द्या म्हणजे हे लोक मुले पाठवतील, असेही म्हणतात. आणि मग बहुतेक निवेदन सरकारने, शिक्षकांनी, तपासनिसांनी काय करावे याबद्दल आहे : शिक्षकांना पगार बरा द्या, शेती करणाऱ्या वर्गांतून शिक्षक घ्या, तपासणी आगाऊ न कळवता करा. त्या निवेदनाची वाक्ये ज्या कर्त्यावर उभी आहेत तो कर्ता शाळा चालवणारा आहे. पालकाबद्दल त्यात राग नाही. फुले यांच्यानंतरच्या सुधारकांच्या लेखनातही हा तोल पुष्कळदा सापडत नाही, नियमावल्यांत तर नाहीच.

पुढे सक्ती आली. सयाजीराव गायकवाडांनी १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात प्रयोग केला आणि १९०६ मध्ये साऱ्या बडोदे संस्थानात सक्ती लागू केली. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९११ मध्ये कलकत्त्याच्या विधिमंडळात विधेयक मांडले. ते १९१२ च्या मार्चमध्ये १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळले गेले. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये कोल्हापुरात प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले, आणि मूल न पाठवणाऱ्या पालकाला महिना १ रुपया दंड ठेवला. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावरचा १९४७ चा मुंबई प्राथमिक शिक्षण कायदाही दंडाची तरतूद ठेवतो. म्हणजे पालकाला दंड करण्याची परंपरा पुरोगामीच आहे, आणि या माणसांना घराघरातली गरिबी ठाऊक नव्हती असे कोणी म्हणणार नाही. गोखल्यांच्या विधेयकात महिना १० रुपयांहून कमी उत्पन्न असलेल्या पालकाकडून फी घेऊ नये असे कलम होते. या आकड्याशेजारी कोल्हापूरचा १ रुपया ठेवला तर तो दंड किती जड होता ते कळते.

पण या दंडाच्या कायद्यांत एक गोष्ट होती. दंडाच्या आधी राज्य स्वतःवर काहीतरी घेत होते. शाळा उघडीन, फी घेणार नाही, शिक्षक नेमीन. एवढे करूनही पाठवले नाहीस तर दंड. कोल्हापुरात या योजनेसाठी पैसा कुठून आणायचा, याची खटपट दरबाराने आधी केली. शाळा बांधली नाही आणि दंड मात्र घेतला, हा त्यातला प्रकार नव्हता. नियमावलीने त्या कायद्यांतला दंड उचलला आणि त्याच्या आधीची वाक्ये गाळली, असा माझा कयास आहे. कागदोपत्री वंशावळ मी सिद्ध करू शकत नाही. पण मजकूर शेजारी ठेवले तर गाळलेली जागा दिसते.

मग महाराष्ट्रातच उलटे टोक आले. १९९२ पासून दुर्बल घटकांतल्या पहिली ते चौथीच्या मुलींना शाळेत हजर राहिलेल्या दिवसामागे १ रुपया उपस्थिती भत्ता मिळू लागला. एका टोकाला न आल्याबद्दल बापाकडून महिन्याचा १ रुपया, दुसऱ्या टोकाला आल्याबद्दल मुलीला दिवसाचा १ रुपया. मध्ये पाऊणशे वर्षे. महागाईने त्या रुपयाचे पुढे काय केले ते सांगायला नको, गोळीच्या पुडीला तो पुरेना. पण त्या योजनेने एक मान्य केले होते : मुलगी शाळेत आली की घराचे काहीतरी बुडते, आणि ते भरून देणे दुसऱ्या बाजूचे काम आहे.

१ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्यात ही बाजू पक्की झाली. त्या कायद्याच्या भाषेचा अभ्यास नियमावलीच्या लेखकांनी करायला हवा होता. कलम १० पालकाला कर्तव्य सांगते, मुलाला शाळेत घालण्याचे. आणि तिथेच थांबते. दंड नाही. बाकी साऱ्या कायद्यात करायचे ते सरकारने, स्थानिक प्राधिकरणाने, शाळेने आणि शिक्षकाने. कलम १७ शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना मनाई करते. कलम २४ मध्ये शिक्षकाने वेळेवर व नियमित यावे असे आहे, आणि पालकांच्या सभा घेऊन मुलाची हजेरी व प्रगती त्यांना सांगावी असेही आहे. पालकसभा म्हणजे शिक्षकाचे काम. आमच्या दैनंदिन्यांत ती पालकाची हजेरी आहे, आणि गैरहजर राहिल्यास मुलाला दुसऱ्या दिवशी बसू दिले जात नाही.

कलम १६ चे तर नियमावलीशी उघड भांडण आहे. आठवीपर्यंतचे शिक्षण पुरे होईपर्यंत कोणत्याही मुलाला शाळेतून काढता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने पाचवी-आठवीत पुन्हा परीक्षा घेऊन मागे ठेवण्याची मोकळीक राज्यांना दिली. काढून टाकण्याची मनाई तशीच राहिली. तरी २०१० नंतर छापलेल्या, माझ्याकडच्या प्राथमिक शाळांच्या पुस्तिकांत ‘वर्तन न सुधारल्यास दाखला देण्यात येईल’ या वळणाचे वाक्य आहेच. मराठीत ‘देणे’ हे क्रियापद किती वाईट कामाला लावता येते, याचे हे उदाहरण. दाखला देणे म्हणजे घालवून देणे. आणि त्याच पुस्तिकेत, दोन ओळी सोडून, शुल्क थकले असेल तर दाखला मिळणार नाही, असेही असते. एकच कागद एकदा काठी, एकदा कडी. कलम ५ सांगते की दुसऱ्या शाळेत जाणाऱ्या मुलाला मुख्याध्यापकाने दाखला ताबडतोब द्यायचा, उशीर केला तर त्याच्यावर शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते, आणि दाखला उशिरा आला म्हणून नव्या शाळेने प्रवेश अडवायचा नाही. ज्या घरात हे कलम ठाऊक नाही तिथे डायरीतली ओळ हाच कायदा. ही ओळ वाचून मुलाला मध्येच घरी बसवलेली माणसे आमच्याच गल्लीत आहेत.

इथे दोन गोष्टी नोंदवल्या पाहिजेत. एक, नववी-दहावी या कायद्याबाहेर आहेत. दोन, २०१४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने अल्पसंख्याकांच्या शाळांना हा कायदा लागू नाही असे ठरवले. तेव्हा प्रत्येक डायरीतले प्रत्येक वाक्य बेकायदा आहे असा माझा दावा नाही. माझे म्हणणे मजकुराबद्दल आहे. कायद्यातला कर्ता बदलला. छापील पानावरचा बदलला नाही.

शिक्षकांची बाजू मला माहीत आहे, कारण दैनंदिनीच्या कामाला येणारे पुष्कळजण माझ्या टेबलासमोर तासन्‌तास बसलेले आहेत. एका वर्गात साठ मुले, त्यात जनगणना, निवडणूक, मतदार याद्या, सतरा प्रकारची ऑनलाइन माहिती. शिस्तीचा धाक उरला नाही, हात उगारला तरी पालक मोबाइल काढतात. नियम लिहून ठेवले नाहीत तर उद्या आम्हीच अडकू. हे खरे आहे. आणि दुसरेही खरे आहे की फी भरणाऱ्या पालकांना कडक नियमावली आवडते. जाडजूड डायरी म्हणजे चांगली शाळा, असे समीकरण आहे. एका संस्थाचालकाने मला सांगितले होते, नियम पंचवीसच्या खाली नकोत, पुस्तिका हलकी वाटते. नियमांची संख्या विषयाने नाही, वजनाने ठरत होती. त्यामुळे नियमावली ही शाळेने पालकांवर लादली असे सरळ म्हणता येत नाही. काही पालकांनी ती विकत घेतली आहे, आणि ज्यांना ती परवडत नाही त्यांनाही तिच्याखाली सही करावी लागते.

परवडत नाही म्हणजे काय, याचे सर्वात उघडे उदाहरण ऊसतोड कामगारांच्या मुलांचे. दसरा-दिवाळीनंतर बीडसारख्या जिल्ह्यांतून टोळ्या निघतात, त्या कारखान्यांचा गाळप हंगाम संपेपर्यंत, मार्च-एप्रिलपर्यंत परतत नाहीत. आता नियम वाचा : ‘गैरहजर राहिल्यास दुसऱ्या दिवशी पालकांनी कारण लिहून द्यावे.’ दुसरा दिवस इथे पाच महिन्यांनी उगवतो. या एका नियमापुढे ते सारे आयुष्य बसत नाही. सरकारी व्याख्येत महिनाभर सलग न आलेले मूल शाळाबाह्य होते. नियमावलीच्या भाषेत ते बेशिस्त होते. घरात त्याला काय म्हणतात? काही नाही. पोरगं संगं गेलं, एवढेच.

या मुलांसाठी जे मजकूर तयार झाले ते मला नियमावलीच्या शेजारी ठेवून वाचावेसे वाटतात. कारखान्यांच्या तळावर साखरशाळा चालल्या. गावाकडे हंगामी वसतिगृहे निघाली, म्हणजे मूल आजी-आजोबांकडे राहील आणि जेवणाची सोय शाळेमार्फत होईल. आणि स्थलांतराला निघणाऱ्या मुलाच्या हाती शिक्षण हमी कार्ड द्यायचे ठरले. या कार्डावर मुलाची इयत्ता, तो काय शिकला आहे याची नोंद असते, आणि ते दाखवले की जिथे जाईल तिथल्या शाळेने त्याला बसवून घ्यायचे. अंमलबजावणी कशी झाली याच्या तक्रारी शिक्षकांनीच मला सांगितल्या आहेत. तरी गद्य म्हणून पाहा : इथे हमी देणारा बदलला आहे. डायरीच्या शेवटच्या पानावर पालक हमी देतो. कार्डावर शाळा देते. मुलाच्या दप्तरात दोन कागद, दोघांत ‘हमी’ हाच शब्द, आणि त्याचे तोंड उलट दिशेला.

या दिशेने मराठी मुलखात कोणी आधी गेलेच नव्हते असे नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांचे काम बोर्डीला आणि मग कोसबाडच्या टेकडीवर उभे राहिले. आदिवासी मुले शाळेत येत नाहीत, कारण ती सकाळी गुरे घेऊन कुरणात जातात. गैरहजेरीचे कारण पालकांनी लिहून द्यावे, असे त्यांनी म्हटले नाही. शाळा कुरणात गेली. तिला नाव पडले कुरणशाळा. फुले यांनी १८८२ मध्ये जे कारण नोंदवले होते, गुरे राखायला मुले लागतात, त्याला सत्तरेक वर्षांनी मिळालेले हे उत्तर आहे. अनुताईंचे लेखन वाचताना जाणवते की तिथे नियम नव्हते असे नव्हे. आंघोळ, नखे, वेळ, यांचा आग्रह त्यांचाही होता. पण नखे कापायला नेलकटर शाळेचे, आंघोळीला पाणी शाळेने भरलेले. नियमाच्या वाक्यात शाळेचा हात होता.

शेवटी एका दैनंदिनीबद्दल लिहितो. तिचे तीन वर्षांचे तीन पाठ माझ्याकडे आहेत, तिन्ही मीच तपासलेले. तालुक्याच्या गावची साधी अनुदानित शाळा. एका वर्षी नव्याने आलेल्या मुख्याध्यापिकाबाईंनी गैरहजेरीचा जुना नियम स्वतः खोडला आणि हाताने लिहून दिले : ‘मूल सलग तीन दिवस शाळेत आले नाही, तर वर्गशिक्षक घरी येऊन चौकशी करतील.’ मी खूण करून विचारले की हे असेच ठेवायचे का, कारण बाकीची सगळी वाक्ये ‘करावे’ची होती आणि हे एकटेच वेगळे पडत होते. बाई म्हणाल्या, ठेवा. पुढच्या वर्षीच्या प्रतीत ते वाक्य असे आले : ‘मूल सलग तीन दिवस शाळेत न आल्यास वर्गशिक्षक पालकांशी संपर्क साधतील.’ घर गेले होते, शिक्षक राहिले होते. बाईंची बदली झाल्यानंतरच्या वर्षी लिपिकाने आणलेल्या प्रतीत ते चौदाव्या क्रमांकावर होते : ‘पाल्य सलग तीन दिवस गैरहजर राहिल्यास पालकांनी वर्गशिक्षकांशी त्वरित संपर्क साधावा. याची सर्व पालकांनी नोंद घ्यावी.’ शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती. मी तपासून सही केली आणि पान छपाईला गेले.